हवेने फुगवलेला पाइप

पुणे, ५ मे

बाबा, जयभीम.

ग्रामसभेत खरं बोलायला उठलं की "बसा खाली" हेच तुम्ही आयुष्यभर ऐकलंत, आणि परवा मीही ऐकलं. नव्या नळयोजनेच्या पाइपची चाचणी हवेने नको, पाण्याने करा, एवढंच म्हणाले. ठेकेदाराचा मुकादम हसला, "ताई, हवाच तं हाय! फुग्याले काऊन भेता?" सगळे खिदळले.

इथे येऊन गणित मांडलं. दाबाने प्लास्टिकचा पाइप ताणला जातो. सहा इंची, दोनशे मीटर पाइपात चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाबाने पाणी भरलं, तर त्या ताणात तुरीचं एक पोतं दुमजली घरावर चढवण्याएवढी ऊर्जा साठते. पाणी दबत नाही, हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते; म्हणून हवा भरली, तर पाच टनांची ट्रॉली पन्नास मीटर उचलण्याएवढी, आणि पाइप फुटला की ती सगळी एका क्षणात बाहेर! आणि जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायला वाकणार कोण? गावाला पाणी सोडणारे वॉलमन, म्हणजे तुम्ही.

टँकर प्यायलाच पुरत नाही, चाचणीला पाणी कुठून आणणार, हे कळतं. मग विहिरीला पाणी येईपर्यंत चाचणी थांबू द्या.

आईची कंबर कशी आहे? मी बरी आहे, झोप तेवढी लागत नाही.

गुरुवारी संग्रामपूरहून हवा भरायचा कंप्रेसर आला की साबणाची बादली सगळ्यांसमोर पालथी घाला.

तुमचीच हट्टी लेक,
सारिका