पाणी घालून प्यावे

दोहा, मंगळवार

आदरणीय कनीज खालांना तबिशचा वाकून सलाम.

तुमचे गुडघे, माहिराच्या नर्सिंगचं तिसरं वर्ष आणि मागच्या पडवीतली ती मारकी कोंबडी, तिघांचंही उत्तम चाललेलं असो अशी दुआ करतो. आम्ही इकडे ठीक आहोत. (हे वाक्य पत्राला लागतं म्हणून लिहिलं. ठीक नाही आहोत.) फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापता आणि माझी खबर माझ्या आधी मोहल्लाभर फिरते. म्हणून हे कागद सैफच्या बॅगेतून पाठवतोय. तो शुक्रवारी महाडला निघालाय.

तर आमच्या कंपनीला सरकारी दंड झालाय. दंडाच्या कागदावर एक ओळ रिकामी आहे: जबाबदार माणसाचं नाव. गुरुवारपर्यंत तिथे एक नाव जायचंय, माझं नाहीतर तुमच्या मियांचं, शफीक खालूंचं, कारण हात माझे आणि सुपरवायझर ते. ज्याचं नाव जाईल त्याचा फवारणीचा परवाना रद्द. परवाना नाही तर काम नाही, काम नाही तर घरी. खलास.

आता यात थोडा तुमचाही हात आहे, म्हणून राग न धरता वाचा. (मी ढेकूण मारतो हे लपवून तुम्ही सगळ्यांना ‘आमचा तबिश केमिकल लाइनमध्ये आहे’ असं सांगता, त्याबद्दल शुक्रन.) मागच्या आठवड्यात अल मन्सूरातल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावरची एक खोली फवारायची राहिली होती. लिफ्ट बंद. लिफ्टवरून आठवलं, चिपळूणला टाइल्सच्या दुकानात होतो तेव्हाही लिफ्ट बंदच असायची, ती नोकरी मी त्यापायीच सोडली. (त्यांनी सोडायला लावली, पण कारण तेच.) तर औषधाचा पाच लिटरचा डबा वर नेण्याऐवजी मी लागेल तेवढं औषध एका बाटलीत ओतून घेतलं. बाटली तुमची. रमजानच्या आधी कोकमाचं आगळ पाठवलं होतंत ना, तीच. धुऊन जपून ठेवली होती. रिकामी बाटली टाकणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही, हे तुम्हीच सांगितलेलं. वर तुमच्या अक्षरातली चिकटपट्टी तशीच होती.

खालूंनी शिकवलं नव्हतं असं नाही. औषध त्याच्याच डब्यात, त्याच्याच लेबलासकट, पिण्याच्या बाटलीत कुणी भरलं तर हात तोडीन, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी तेव्हा खिडकीतून एक क्रेन बघत होतो. फार उंच क्रेन होती.

त्या खोलीत बबीता म्हणून साताऱ्याकडची बाई राहते. मी पंप जोडत होतो, बाटली ओट्यावर. तिनं पट्टी वाचली आणि ‘अगं बाई, आगळ!’ म्हणून हरखलीच. किती वर्षांनी दिसलं म्हणाली. मी पाठमोरा होतो. मला वाटलं, फोनवर बोलतेय. वळून बघतो तर पेल्यात पाणी काढलेलं, झाकण उघडलेलं. तेवढ्यात वास तिच्या नाकात गेला आणि ती ओरडली. प्यायली नाही, खाला. पण पेला तयार होता. हल्ली मी चहासुद्धा पेल्यात घेत नाही.

तिच्या नवऱ्यानं तक्रार केली ती बरोबरच केली. खात्याचा साहेब ऑफिसात आला, बाटली टेबलावर ठेवली आणि यावर काय लिहिलंय म्हणून विचारलं. काहीतरी थाप मारली असती, पण शेजारी आमच्या ऑफिसच्या मालविका मॅडम बसल्या होत्या, त्या पुण्याच्या. मग वाचलं: कोकम आगळ, पाणी घालून प्यावे. मॅडमनी इंग्रजीत करून सांगितलं. साहेबानं ते शांतपणे लिहून घेतलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मॅडम नंतर म्हणाल्या, “घाबरू नकोस तबिश. कोर्ट नाही, कोठडी नाही. नुसता दंड आहे.”

“मग नाव कशाला?”

“दंड कंपनी भरते. नाव माणसाचं लागतं.”

खालू कोपऱ्यात उभे होते. व्हॅनमध्ये बसल्यावर मला एवढंच म्हणाले, “जेवलास का रे?” बावीस वर्षं झाली त्यांना इथे, आणि माहिराचं शिक्षण पुरं होईपर्यंत राहायचं म्हणतात. मला काय, घरी परत येण्याचा सराव आहे. म्हणून ठरवलंय, उद्या जाऊन माझंच नाव लिहितो. (उद्या म्हणजे उद्याच. गुरुवारची वाट बघत नाही.)

मोठ्यांना सलाम, लहानांना प्यार, कोंबडीपासून सांभाळून.

तुमचा तबिश

ता. क. आज बुधवार. जायचं राहिलं. रस्त्यात एक उंट ट्रकमध्ये चढवत होते, तो चढेना, मी बघत थांबलो. ऑफिस बंद झालं.

ता. क. गुरुवार. सकाळी उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. मॅडमनी कागद पुढे केला. त्या ओळीवर नाव होतं, खालूंच्या बारीक, तिरक्या अक्षरात. “ते कालच लिहून गेले,” मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, खोडा, ते खोटं आहे. त्या म्हणाल्या, गेला तो कागद, ही नक्कल आहे. खालूंकडे गेलो तर ते बॅग भरत होते. म्हणाले, “माझ्या हाताखालचा होतास ना? मग झालं.”

ता. क. सैफचं तिकीट पुढे गेलं. म्हणून हे पत्र ज्यांच्या हाती देतोय, ते आत्ता तुमच्या समोरच बसलेले असतील. ते दुसऱ्याचं पाकीट उघडत नाहीत. तुम्हाला सांगतील, लांबची सुट्टी मिळाली. तर खाला, विनंती एवढीच की ती सुट्टी आहे असंच समजा. पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ते त्या घरात कधी राहिलेले नाहीत, सेहेचाळिसाव्या दिवशी काय करायचं ते त्यांना कळणार नाही, तेव्हा जवळ बसा. आणि आत्ता चेहरा सांभाळा. ते विचारतील, काय लिहिलंय पोरानं? सांगा, काही नाही, नेहमीची बडबड.