डोळ्याखालचा भोवरा

२४ ऑक्टोबर

धाकटा दीर मल्लिनाथ आला. फराळाचं ताट रिकामं केलं, हात पुसले आणि पागेकडे बोट दाखवून म्हणाला, "वैनी, चंद्रिकेला ह्या बाजारात काढू या."

काढू या! जशी काही दाढ आहे.

कारण जुनंच. चंद्रिकेच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. घोडेवाले त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी मालकाला रडवते म्हणे. माझ्या नवऱ्यानं, सोमशेखरनं तिला आणलं आणि त्याच वर्षी तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. गावानं ठरवलं, घोडीनं मारला. जन्मभर रोज खाल्लेल्या भज्यांवर मात्र एकालाही संशय आला नाही!

मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या डोळ्यांचं पाणी माझं मी बघते. तुम्ही चकली घ्या."

तो अत्तींकडे वळला. सासूबाईंना मी अत्तीच म्हणते. जमीन, पागा, घोडी – सगळं त्यांच्या नावावर. त्या नुसतं 'हूं' म्हणाल्या तरी चंद्रिका अकलूजच्या घोडेबाजाराच्या टेम्पोत.

अत्ती काहीच बोलल्या नाहीत. वाती वळत राहिल्या. तीच तर भीती.

२६ ऑक्टोबर

चंद्रिकेनं तोंडानं कडी काढली, अंगणात आली आणि दारावरचं झेंडूचं तोरण खाल्लं. निम्मंच. दार आता अर्धी दाढी केलेल्या नवरदेवासारखं दिसतंय.

पागेवरचा गडी हणमंत खरारा करता करता म्हणाला, "अक्का, ही कडी काढती, पर लावत न्हाय. माणसावानीच हाय की."

बादल प्लास्टिकच्या पिशवीला भिऊन बांधापर्यंत पळाला. एवढा मोठा घोडा! आमचा तिसरा, म्हातारा घोडा साहेब जागचा हलला नाही. त्याचं नाव मीच ठेवलंय. भरपूर खातो, काम करत नाही आणि कुणी भेटायला आलं की पाठ फिरवतो.

ह्यांच्यासाठी मी भल्या पहाटे उठते. माणसांसाठी उठले नसते.

२९ ऑक्टोबर

मोहोळचं लग्नघर वरातीसाठी भाड्याची घोडी बघायला आलं. नवरदेवाच्या मामानं भर उन्हात मोबाइलची बॅटरी लावून चंद्रिकेच्या डोळ्याखाली बघितलं.

"ताई, आसूढाळ हाय की हो! हिच्यावर नवरदेव बसवायचा कसा?"

"खोगीर घालून."

"न्हाय न्हाय. आमच्यात चालत न्हाय."

"तुमच्यात चालत नसेल, आमच्यात चौखूर पळते! आणि मामा, घोडीचा भोवरा बघितलात, नवरदेवाच्या डोक्यातले मोजलेत का?"

त्यांनी बादलला ठरवलं. वरातीच्या वाटेवर त्यांना एक तरी पिशवी आडवी येवो! (सिद्धरामा, माफ कर.)

पण संध्याकाळी बघते तर काय – भोवऱ्यावर तेल! केस चापून चोपून बसवलेले, खूण दिसू नये म्हणून. बाजारात न्यायच्या आधी दलाल लोक हेच करतात. म्हणजे मल्लिनाथनं आतून कुणालातरी फितवलंय.

हणमंतला धरलं. "आईशप्पत अक्का, म्या न्हाय. माझ्या डोक्याला तेल न्हाय, घोडीच्या कुटनं लावू?"

ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं. केस उलटे विंचरले. भोवरा फुलासारखा उमलून आला. बघा म्हणावं, डोळे भरून बघा!

३० ऑक्टोबर

पुन्हा तेल!!

२ नोव्हेंबर

आजचा दिवस फ्रेम करून लावावा असा.

मल्लिनाथ गिऱ्हाईक घेऊन आला. माळशिरसकडचा घोड्यांचा दलाल, नाव माउली. पांढरे कपडे, अत्तराचा घमघमाट. मल्लिनाथनं त्याला गाडीत शिकवून आणलं होतं की अव्वाशी, म्हणजे अत्तींशी, दोन शब्द कानडी बोला, ती विरघळते. भोवऱ्याला आमच्या कानडीत सुळी म्हणतात, तेही सांगितलेलं. माउलीनं तो शब्द वाटेत तंबाखूबरोबर चघळला असणार.

अत्ती ओसरीवर. त्यानं हात जोडले, घसा साफ केला आणि वाड्यावस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अव्वा, लपवायचं न्हाय बरं का. तुमच्या घरात सूळे हाय म्हनत्यात. कुटं हाय? दावा की!"

आणि नेमकी मी चहाचा ट्रे घेऊन दारात!

सुळी म्हणजे भोवरा. सूळे म्हणजे बाजारबसवी.

एरवी उठताना अत्तींना दोघांचा हात लागतो. आज एकट्या उठल्या. कोपऱ्यातला खराटा घेतला. "नन्न सोसीगे हंग अंतियेनो?" – माझ्या सुनेला असं म्हणतोस?

"अव्वा, तसं न्हवं! सुळी! सुळी!" मल्लिनाथ ओरडतोय. दुसरा फटका त्याला. माउली फाटकाबाहेर, त्याची एक चप्पल आत. साहेबानं ती हुंगली आणि पाठ फिरवली.

स्वयंपाकघरात जाऊन मी पदर तोंडात कोंबून हसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी! घ्या, आसूढाळ खरी ठरली. घोडीनं रडवलं एकदाचं!

४ नोव्हेंबर

मल्लिनाथचा फोन. "वैनी, एका शब्दावरनं हुकलं. दुसरं गिऱ्हाईक आणतो. ह्या वेळी मराठीतच बोलाय लावतो."

फोन ठेवला आणि ऑइलपेंटचा डबा शोधला. फाटकावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: 'येथे आसूढाळ घोडी राहते. ज्यांच्या नशिबाला घोडीचा धक्का लागतो, त्यांनी बाहेरच थांबावे.' आणू दे आता अख्खा अकलूजचा बाजार!

हणमंत पाटीकडे बघत राहिला. "लई झ्याक, अक्का. पर म्हाताऱ्या अव्वा 'द्या' म्हनल्या तर?"

तर पाटी राहील, घोडी जाईल.

मी सगळ्यांना तोंडावर सुनावते. ही एक बाई सोडून. अत्तींच्या गप्प बसण्यात मला नेहमी एकच वाक्य ऐकू येतं – माझा मुलगा गेला. सोमू गेल्यापासून त्या घोडीबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत. शिव्याही नाहीत! शिव्या दिल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

आज पुन्हा तेल होतं. पुसलं. उद्या अत्तींनाच विचारणार. सरळ.

५ नोव्हेंबर

धीर झाला नाही. मला! सगळ्यांना सुनावणाऱ्या मला!

६ नोव्हेंबर

दिवस उगवायला पागेत गेले. चंद्रिकेच्या तोंडापाशी अत्ती. हातात तेलाची वाटी. बोटानं डोळ्याखालचे केस बसवत होत्या, आणि ती लबाड मान खाली घालून लाड करून घेत होती.

"अत्ती! विकायला लपवताय?"

त्या वळल्याही नाहीत. "विकायला कशाला? येणारं जाणारं माणूस तोंड उघडतंय, म्हणून." वाटीत पुन्हा बोट बुडवत म्हणाल्या, "तो माउली सुळीच म्हणत होता. मला काय कळत न्हाय व्हय?"

मग उरलेलं तेल बोटावर घेऊन माझ्या मानेवर, अंबाड्याच्या खाली, मला कधीच न दिसलेल्या जागी टेकवलं.

"तुला बघाय आलो, तवा गजरा माळताना हितं सुळी दिसली. असली सून नवऱ्याला खाती म्हणत्यात. बाकीच्या बायका आत यायच्या आधी मीच तेल लावून दाबली. सोमू गेला, तवा बी कुणाला सांगितलं न्हाय."

घोडीला थोपटलं आणि चहा टाकायला निघून गेल्या.

अंबाडा उंच बांधला. फाटकावर जाऊन पाटी दुरुस्त केली. आता तिच्यावर दोघींची नावं आहेत – चंद्रिकेचं आणि माझं.