कीप म्हणजे सांभाळणे

९ जून, सकाळी ७
सरिता माहेरी धुळ्याला गेली त्याला अडीच महिने झाले. माझ्या अंदाजाने आठवडाभरात परत. काल विचारलं, मिक्सर पाठवू का? मेसेज आला : 'कीप द मिक्सर.' तिथे इंग्लिश मीडियमला शिकवते, म्हणून हल्ली सगळं इंग्रजीत. डिक्शनरी काढली. कीप म्हणजे ठेवणे, राखणे, सांभाळणे. कायमची गेलेली बाई सांभाळा म्हणेल का?

१० जून
यावलमधलाच स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. मोटार रिवायंडिंगचं दुकान रोज सहाला बंद म्हणजे बंद.

११ जून
क्लास बुडाला. सावद्याहून दोन जळक्या मोटारी आल्या. उद्यापासून नक्की.

१७ जून
तिचा राग एकाच गोष्टीचा. मार्चमध्ये ती दवाखान्यात होती तेव्हा मी गेलो नाही. केळीच्या बागा पाण्यावाचून उभ्या होत्या, जळलेल्या मोटारींची वाइंडिंग कोण भरणार? आणि बाळ तसंही राहणार नव्हतं. डॉक्टरच म्हणाले. मी जाऊन काय केलं असतं?
पाळण्याची ऑर्डर कॅन्सल केली नव्हती. आज केली.

२२ जून
रोज तीन फोन करतो. ती उचलत नाही. मेसेज : 'प्लीज डोन्ट कीप कॉलिंग.' क्लासचे कौतिक सर म्हणाले, कीपपुढे आयएनजी आलं की तेच तेच करत राहणं. म्हणजे फोनचा कंटाळा आलाय, माणसाचा नाही. येऊ नका असं कुठे म्हटलंय?

२९ जून, रविवार, परतीच्या बसमध्ये
तिचा भाऊ जगदीशने दार उघडलं. म्हणाला, "या दाजी, पहिले जेवी ल्या." सरिताने शेवभाजी वाढली. अंगाने वाळली आहे. पाठ केलेलं वाक्य म्हटलं : आय विल कीप यू हॅपी. ग्रामर बरोबर होतं.
ती मराठीत बोलली. "मी दोन दिवस दाराकडे बघत होते. नर्स आली तरी वाटायचं, तुम्हीच. मग बघणं सोडलं."
मी मोटारींचं सांगायला लागलो. मध्येच थांबून भाकरी मोडली.
जेवण झाल्यावर तिने वकिलाचे कागद पुढे ठेवले. दोघांच्या संमतीने, असं लिहिलं होतं. सही केली.
शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, सासरवाडीहून का? हो म्हटलं. पाहुणचार झाला का? जेवूनच निघालो, म्हटलं.