डोलोरेसबाईंची खुर्ची

१४ जानेवारी, मंगळवार.
संकल्प : पुस्तकाचं चौथं प्रकरण गुरुवारपर्यंत हातावेगळं करणे. सिद्धान्त पक्का. राज्यसंस्था नसेल तर जो तो एकमेकांच्या उरावर बसेल, कुणाची वस्तू कुणाची राहणार नाही. शुक्रवारी सकाळी दहाला कॉलेजच्या कमिटीसमोर व्याख्यान. त्यावर कायमची नोकरी अवलंबून.
आयरीन (बायको) म्हणाली, अशी माणसं तू कधी पाहिलीस का? तिला सांगितलं, पाहायची नसतात, गृहीत धरायची असतात.

१५ जानेवारी.
गुडघाभर बर्फ. समोरच्या डोलोरेसबाई, वय चौऱ्याहत्तर. दोन तास फावडं मारून गाडीपुरती जागा मोकळी केली, गाडी काढली आणि जागा राखायला तिथे मोडकी खुर्ची ठेवून बहिणीकडे निघाल्या. विचारलं, रस्ता सरकारी, मग हा कुठला कायदा? म्हणाल्या, कायदा कशाला प्रोफेसर, खुर्ची आहे ना.
मनातल्या मनात हसलो. आयरीन म्हणते फावडं घे. प्रकरण कोण लिहिणार?

१६ जानेवारी, संध्याकाळ.
कॉलेजातून आलो तर गाडीला जागा नाही. डोलोरेसबाईंची खुर्ची फुटपाथवर ठेवली, तिच्या जागी गाडी लावली. निव्वळ प्रयोग म्हणून. आयरीनने कपाळाला हात लावला. पेनसिल्व्हेनियात जन्म गेला तरी अक्कल आली नाही, म्हणाली.
डोलोरेसबाई परतल्या, गाडी लांब लावून काठी टेकत आल्या. चालणं तब्येतीला चांगलंच. कुणी चकार शब्द काढला नाही. राज्य नाही, म्हणून शिक्षा नाही. सिद्धान्त सिद्ध.

१७ जानेवारी, सकाळी ८.
रात्रीतून कुणीतरी गाडीवर पाणी ओतलंय. दारं गोठून दगड.
८.२०. पोलिसांना फोन. त्यांनी एवढंच विचारलं, खुर्ची हलवलीत का?
८.४५. शेजाऱ्यांना हाका. सगळ्यांना एकदम कमी ऐकू यायला लागलंय.
९.१०. नाइलाजाने डोलोरेसबाईंच्या दारात. माफी मागितली. म्हणाल्या, माफी राहू दे, गाडी काढून खुर्ची जागेवर ठेवाल ना? ठेवतो म्हटलं. त्यांनी खिडकीतून नुसता हात केला. सहा जण गरम पाण्याच्या बादल्या घेऊन हजर. दहा मिनिटांत गाडी मोकळी. खुर्ची जागेवर.

संध्याकाळ.
व्याख्यान ठरल्याप्रमाणे वाचलं. कमिटीने विचारलं, सरकारशिवाय नियम पाळणारी माणसं कुठे पाहण्यात आली का? नाही म्हणालो. हातमोजे अजून ओले होते.
नोकरीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. आधी चौथं प्रकरण परत लिहा.
घरी येऊन दोन तास फावडं मारलं. कंबर गेली. आयरीनने विचारलं, रस्ता सरकारी ना? उद्या सकाळी गाडी काढली की ठेवायला म्हणून स्वयंपाकघरातली माझी खुर्ची आत्ताच दाराशी नेऊन ठेवली. तिला कुणी हात लावायचा नाही.
उभ्याने जेवलो.