पिवळं पाणी

मालवण, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.४०

ती. नमूताईस देवेशचा शि. सा. न.

बाबांचे पाय चेपता चेपता उठून लिहितो आहे. फोनवर तुझ्या सासूबाई शेजारी असतात, म्हणून पत्र. बाबांची ही कावीळ साधी नाही. यकृताचा कर्करोग आहे, तिथेच सुरू झालेला. गाव बाबांबद्दल म्हणतो, दाजी गुपचूप पीत असणार. बाबा म्हणतात, थेंबाक शिवलंय नाय, मगे माकाच कित्याक?

मी डॉक्टरांना विचारून लिहून घेतलं. जगात वर्षाला आठ-नऊ लाख लोकांना हा होतो. दारू हे एक कारण. यकृतातली चरबी, बुरशी लागलेले शेंगदाणे हीसुद्धा. पण सर्वांत मोठं कारण हिपॅटायटिस बी आणि सी. बाबांच्या रक्तात बी आहे, बहुधा लहानपणापासून. आईच्याही निघाला.

बारा वर्षांपूर्वी बाबांनी रक्तदान केलं, तेव्हा रक्तपेढीने तशी चिठ्ठी पाठवली होती. गावात कावीळ उतरवणाऱ्या राधाबाईंनी चुन्याच्या पाण्यात त्यांचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, कावीळ उतरली म्हणून आपण पेढे वाटले. चिठ्ठी मला काल देवाच्या फोटोमागे सापडली.

डॉक्टर म्हणतात, आता फार काही हातात नाही. तुला सातवा महिना. तपासून घे.

तुझा, देवेश

बांदा, १८ ऑक्टोबर

चि. देवेशला आशीर्वाद.

खूप रडले. मग तुझं अक्षर बघून हसू आलं. हिपॅटायटिस एकदाही चुकला नाहीस, आणि म्हणे दहावी नापास!

माझी काळजी नको. तिसऱ्या महिन्यातच कार्डावर बी लिहून आला होता. इथेही हात धुणारी बाई आहे, सासूबाई घेऊन गेल्या. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. सगळं उतरलं. आता दवाखाना बदललाय, कार्ड नवं आहे. तिथे काही बोलायचं नाही असं ठरलंय. तूही बोलू नकोस.

बाबांना जप.

तुझी ताई

मालवण, २२ ऑक्टोबर, दुपारी २.१०

ती. ताईस सा. न.

आंब्याच्या झाडाची साल वाटून आत्ताच हात पुसले. धुण्याआधी हाताला चोळतात तो रस याच सालीचा. मी तो चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पाणी पिवळं झालं. माझ्या रक्तात बी नाही, रिपोर्ट सोबत जोडला आहे. शेजारच्या छोट्या सलोनीचे हात धुतले, तेही पिवळं. बाबा पडवीतून बघत होते. मग भिंतीकडे तोंड केलं.

ताई, नव्या दवाखान्यात सांग. तुला गोळ्या लागतील कदाचित. बाळाला जन्मल्यावर लगेच, चोवीस तासांच्या आत, लस आणि सोबत आणखी एक इंजेक्शन लागतं. त्यांना माहीतच नसेल तर ते दुसरं कोण देणार?

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, ती झोपली आहे. हे पत्र तुझ्याच हाती पडो.

आजवरचा हिशोब: बाबा, आहे. आई, आहे. तू, आहे. मी, नाही. बाळाची पाचवी ओळ कोरी ठेवली आहे.

माया असू दे,
देवेश