तू न म्हटलेलं वाक्य

आई, एक वाक्य मी गेली अकरा वर्षं तुझ्या नावावर खपवतो आहे. कॉलेजांमधून मला बोलावतात, स्वतःची कंपनी काढलेल्या माणसाचा दिवस कसा असतो ते मुलांना सांगायला. असाही विषय असतो, आणि मुलं चक्क वह्या उघडून बसतात. बोलण्याच्या शेवटी मी सांगतो की कंपनी नुकती उभी राहत होती, पहिल्या गिऱ्हाइकासमोर डेमो चालू होता, तू दवाखान्यात होतीस, आणि फोनवर मला म्हणालीस, "आधी हातातलं काम पूर्ण कर, मग ये." मी काम पूर्ण करून पोचलो तेव्हा तू गेली होतीस. इथे टाळ्या पडतात. तू असं काही म्हणाली नव्हतीस, हे परवापर्यंत फक्त मला ठाऊक होतं.

बाकीची दिनचर्याही तशीच, तिखटमीठ लावलेली. मी पाचला उठतो, फोनला हात न लावता वीस मिनिटं शांत बसतो, मग दिवसाची तीन महत्त्वाची कामं कागदावर लिहितो, असं सांगतो. खरं तर साडेसातला डोळे नीट उघडायच्या आधी उशाचा फोन चाचपतो, कुठल्या कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर बंद पडलं नाही ना ते बघतो, आणि दात घासता घासता दोघातिघांना उत्तरं पाठवतो. दहाला ऑफिसात सगळे उभ्याउभ्याच जमतात. काल काय झालं, आज काय करायचं, कुठे अडलंय, एवढं बोलायचं आणि कामाला लागायचं. शेवटी माझ्याकडे बघतात, आणि मी रोज "सब बढ़िया" म्हणतो. कुठे काही बंद पडलं असलं तरी म्हणतो, कारण चौदा जण माझा चेहरा बघून दिवस सुरू करतात. या धंद्यात अर्धा वेळ काम करण्यात जातो आणि अर्धा ते होणारच असं दाखवण्यात. सवयच लागते. नंतर आपलं आपल्यालाही कळेनासं होतं, कुठलं खरं आणि कुठलं दाखवायचं.

खरी पाचला उठायचीस ती तू. बाबा गेल्यावर तू सांवेर रोडच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागलीस, तेव्हापासून सुदामा नगरच्या त्या दीड खोलीत गजराची गरजच उरली नाही. मला अजून दिसतं. तू ओट्याशी उभी आहेस, केस ओलेच गुंडाळलेले, एका शेगडीवर चहा, दुसरीवर माझ्या डब्याची भाजी. पोहे असले की मी जिरावनची पुडी शोधतो आणि तू ती मुद्दाम वरच्या फळीवर ठेवलेली असते. अख्ख्या इंदुरात पोह्यांवर जिरावन न घालणारी तू एकटीच असशील. "मसालाच खायचाय तर पोहे कशाला करू मी?" म्हणायचीस. मग, "चल, आवर पटापट, टाइम खोटी नको करू, बस निघून जाईल." संध्याकाळी परत यायचीस तेव्हा पदराला गोळ्यांचा कडवट वास असायचा. मला तो आवडायचा. आजही एखाद्या औषधाच्या कारखान्यात कामासाठी गेलो की दारातच दोन मिनिटं उगाच रेंगाळतो, आणि बरोबरच्या माणसाला वाटतं साहेब फोन बघतायत.

पाचवीच्या सुट्टीत एकदा मला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तू कारखान्यात घेऊन गेलीस. मी दाराजवळ स्टुलावर बसलोय आणि तू डोक्याला टोपी घालून खोके बंद व्हायच्या आधी आतल्या गोळ्यांच्या पट्ट्या तपासतेयस. मी काहीतरी विचारलं, तू वळलीस, आणि तेवढ्यात दोन खोके न बघता पुढे जाऊन बंद झाले. तू ते परत मागवलेस. तुमचा सुपरवायझर वैतागला, "छोड़ो ना ताई, पैक हो गया, सब एक जैसा ही तो है." तू शांतपणे म्हणालीस, "मैंने देखा नहीं है भिया, तो साइन कैसे कर दूँ?" खोके फोडले. आत सगळं ठीक होतं. बसमध्ये मी शहाणपणा केला, की बघ, उगाच फोडलेस, कोणाला कळलं असतं? तू माझ्याकडे असं बघितलंस की मी खिडकीकडे सरकलो. "जे मी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू का? मला नको अशी अक्कल शिकवू." घरापर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. त्या दिवशी मला तुझा रागच आला होता.

आता परवाचं सांगतो. आमच्याकडे एक मुलगी आहे, मुलगी कसली, तिशीची बाई आहे. मूळची देवासची. नऊ वर्षं माझ्याबरोबर आहे. सोमवारी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे काम सुरू व्हायचं होतं आणि ते तिच्याच हातात होतं. शुक्रवारी दुपारी तिच्या वडिलांना देवासला दवाखान्यात नेल्याचा भावाचा फोन आला. मी म्हटलं, लगेच निघ. ती जागची हलली नाही. "नाही सर, बीच में कसं सोडू? सोमवार झाला की जाईन. तुम्हीच तर सांगितलं होतं ना, तुमच्या आई काय म्हणाल्या होत्या ते." मी तिला रागावून पाहिलं, कामं दुसऱ्याला वाटून देतो म्हणालो. ती ऐकेना. तिला वाटत होतं मी तिची परीक्षा बघतोय. तासाभराच्या अंतरावर बाप दवाखान्यात पडलेला, आणि ही माझ्या थापेला धरून बसलेली. शेवटी दार लावून मी तिला सांगितलं की आई तसं म्हणालीच नव्हती, तिचा फोन मी उचललाच नाही, मीटिंगमध्ये होतो.

तिने हातातला लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "मग सगळ्यांना का सांगत होता, सर? मी भावाशी भांडले आत्ता तुमच्या त्या गोष्टीवरून." ती पर्स उचलून निघून गेली. काल तिचा फोन आला, वडिलांनी डोळे उघडून "आलीस का गं?" एवढं विचारलं म्हणे. मग ती रडायला लागली, आणि मलाही आवरलं नाही. सोमवारचं काम होईल तसं होईल. पुढच्या महिन्यात एका कॉलेजात जायचंय, त्यांना मी अजून काही कळवलेलं नाही. हे लिहिलेलंही कोणाला दाखवणार नाही.

पण तिलाही मी पूर्ण खरं सांगितलं नाही, आई. मीटिंग नव्हती. डेमो दुसऱ्या दिवशी होता, आणि तू दवाखान्यात नाही, घरीच होतीस. तुझा फोन आला तेव्हा मी आणि माझा पार्टनर कंपनीच्या नावाचा रंग निळा ठेवायचा की हिरवा, यावर चहा पीत वाद घालत होतो. फोन समोरच होता, तुझं नाव मला दिसलं. वाटलं, जेवलास का, हेच विचारत असशील. मी तो उलटा करून ठेवला, आणि तो वाजायचा थांबला. तू गेल्याचा शेजारच्या काकूंचा फोन तासाभराने आला. तोपर्यंत आमचं निळं ठरलं होतं.