शमुवेलच्या दगडावरची ओळ

वाशी,
मंगळवार, ८ नोव्हेंबर १९८३

प्रिय दुर्गाबाई,

सलाम. आमच्यात पत्राच्या सुरुवातीला ‘प्रभूमध्ये सलाम’ लिहितात. तुम्हाला तसं लिहावं की नाही हे ठरेना, म्हणून नुसताच सलाम.

आज सकाळी कबरस्तानात गेलो होतो. दगड घडवणारा सदू तिथेच भेटला. त्याच्याशी बोलणं अर्धवट ठेवून बसने परत आलो. कालचं वरण होतं, ते गरम करून जेवलो. दुपारी आडवा झालो, झोप लागली नाही. आता लिहायला बसलो आहे.

तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. तुमचा पुतण्या पोपट वाचून दाखवील. पोपट, लिहिलं आहे तेच वाचायचं. काकूला वाईट वाटेल म्हणून गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. तुला राग येईल, पण मी तुला नीट ओळखत नाही, म्हणून आधीच सांगतो.

शमुवेल हे नाव आम्ही मुद्दाम ठेवलं होतं. बायबलमधल्या शमुवेलला त्याच्या आईने लहानपणीच देवाच्या कामाला देऊन टाकलं. आमचा एकुलता एक मुलगाही पाद्री व्हावा, एवढीच माझी आणि त्याच्या आईची इच्छा होती. शहात्तरच्या मे महिन्यात आमच्या मंडळीतली तरुण मुलं आठ दिवस करावे गावात सुवार्ता सांगायला निघाली, तेव्हा मीच त्याला पाठवलं. तो जेमतेम विशीचा होता. पेटी चांगली वाजवायचा. तुमच्याकडून आल्यावर त्याने पेटीला हात लावला नाही.

तिथे पहिल्या दिवशी काय झालं ते तो हसून सांगायचा. या मुलांचा पुढारी बाजीराव साळवे याने सभेच्या मंडपासाठी दोरी धरून खुंट्या ठोकल्या आणि चुन्याच्या रेघा मारल्या. सरकार जमिनी घेणार म्हणून तुमचं गाव आधीच बिथरलेलं. चुना पाहून बायकामुलांसकट सगळे धावून आले. ‘मोजनीवालं हायत! पेटी वाजवतान न् जमीन मोजतान!’ बाजीरावने बायबल काढून दाखवलं, तर कुणी म्हणालं, त्यातच सात-बारा असेल. शेवटी बाकीच्यांना जाऊ दिलं आणि शमुवेलला ठेवून घेतलं. खुंट्या सरकारच्या निघाल्या तर धरायला कुणीतरी हवं, म्हणून. त्याला तुमच्या ओटीवर झोपायला जागा दिली. इथपर्यंत तो सांगायचा. पुढचं विचारलं की म्हणायचा, बाबा, काम आहे.

आठ दिवसांसाठी गेलेला मुलगा महिन्याने आला. दुसऱ्या महिन्यात पाद्री होण्याच्या शिक्षणाला जायचं होतं, तो गेला नाही. बेलापूर रोडच्या एका कारखान्यात कारकून झाला. सुट्टी आली की करावे. त्याच्या आईला वाटलं मुलगी असेल. मला वाटलं दारू. नंतर मला याहून वाईट वाटायला लागलं. लोक आमच्याविषयी म्हणतात की हे बाटवायला येतात. माझाच मुलगा तुम्ही बाटवलात असं मला वाटायचं. जेवणाआधी मी प्रार्थना करायचो तेव्हा तो मान खाली घालायचा, पण आमेन म्हणायचा नाही. मी कान देऊन असायचो.

मग एका रविवारी मी त्याच्या मागे आलो. तुम्हाला तो दिवस आठवत असेल. खाडीच्या चिखलात माझा बूट रुतला आणि पाणवठ्यावरच्या बायका हसल्या. पोपट ओरडला, ‘शामू, तुजा बापूस वॉरंट घेऊन आलाय रं!’ आम्ही ठेवलेलं नाव सोडून तो तुमच्यात शामू झाला होता, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही बाहेर मासळी साफ करत होता. आतल्या देव्हाऱ्यातला दिवा विझायला आला होता. तुम्ही नुसतं तिकडे पाहिलंत आणि शमुवेल उठून त्यात तेल घालून आला. मी समोर उभा होतो, तरी त्याला काही वाटलं नाही. तुम्ही मला म्हणालात, ‘बसा भाऊ, जेवूनच जा. इख नाय घातलेला.’ मी उभ्या उभ्याच परत फिरलो. त्या दिव्याबद्दल मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, आणि त्याचीच मला भीती होती. त्याची आई गेली तेव्हाही आम्ही दोघं शेजारी बसून रडलो, पण त्यावर बोललो नाही.

आता त्याच्या मातीच्या दिवशीचं. तो काविळीने गेला, शेवटी तापात ‘मुदत गेली, मुदत गेली’ एवढंच म्हणत होता. मला वाटलं, स्वतःच्या आयुष्याविषयी म्हणतो आहे. दफनाला तुम्ही गावातली आणखी माणसं घेऊन आलात. आमच्यात सगळे बाजूच्या ढिगातली मूठभर माती टाकतात. तुम्ही पदराची गाठ सोडून वेगळीच माती टाकलीत, काळी आणि ओली. माझ्या मनात नको ते आलं. पाद्रीसाहेबांकडे पाहिलं, त्यांचे डोळे मिटलेले होते. मी तुम्हाला अडवलं नाही, पण घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात होतं.

गेल्या आठवड्यात बाजीराव भेटायला आला. मी त्याला सरळ विचारलं, करावेला काय झालं होतं? त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, तुमच्या चावडीवर जमिनीची नोटीस लागली होती. गावात शिकलेले होते, पोपट होता, पण कुणी ती वाचत नव्हतं. वाचली म्हणजे कबूल केली, असा सगळ्यांचा समज. तुमच्या गावच्या गोटीराम पाटलांनी तोड काढली की हा पोरगा बाहेरचा, याची इथे जमीन नाही, याने मनात वाचावी आणि काय करायचं तेवढंच सांगावं. शमुवेल तयार होता. पण बाजीराव त्याला न्यायला आला होता, त्याने अडवलं. ‘आपण आत्म्यांसाठी आलोय, जमिनीच्या भानगडीत पडायचं नाही.’ शमुवेलने त्याचं एवढं ऐकलं, पण तो गावातच राहिला. पुढे न राहवून त्याने ती वाचली, तेव्हा हरकत घ्यायची मुदत उलटून गेली होती. सुवार्ता सांगायला गेलेल्या माझ्या मुलाला अख्ख्या गावासमोर उभं राहून ते सांगावं लागलं. नंतरची सगळी वर्षं तो तुमच्याकडे अर्ज लिहायला येत होता, असं बाजीराव म्हणाला. ती मातीही गेलेल्या शेतातली असेल, असं म्हणाला. असेल. बाजीरावला स्वतःचं मन हलकं करायचं होतं, म्हणून त्याचं सगळंच मी धरून चालत नाही.

आता कशासाठी लिहिलं ते सांगतो. सदू विचारतो आहे, दगडावर काय कोरायचं? आमच्याकडे नावाखाली ‘प्रभूमध्ये निजला’ अशी ओळ असते. त्याच्या आईच्या दगडावर आहे आणि ती खरी आहे. पाद्रीसाहेब म्हणतात, घाला, त्यात विचारायचं काय? पण मी जन्मभर गोदीत माल तपासला. खोका उघडून पाहिल्याशिवाय कधी सही केली नाही. मुलाच्या डोक्याशी खोटं कोरून ठेवणं मला जमणार नाही. आणि ती ओळ खरी नसेल, तर मरणानंतर तो मला आणि त्याच्या आईला भेटेल हा माझा भरवसा गेला, हेही मला कळतं. शेवटची वर्षं तो माझ्यापेक्षा तुमच्याशी जास्त बोलला. तो तुमच्याकडे प्रार्थना करायचा का? नाव कुणाचं घ्यायचा? येशूचं, तुमच्या देवीचं, की कुणाचंच नाही? पाद्रीसाहेब हो म्हणतील, मला बरं वाटावं म्हणून. तुम्हाला हो म्हणून काही मिळायचं नाही आणि नाही म्हणून काही जायचं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. नाही असेल तर नुसतं नाव घालीन. तुम्ही जे सांगाल तेच सदूला सांगेन, दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. उत्तर पोपटने लिहिलं तरी चालेल.

नळाला पाणी आलं आहे. उठून पिंप भरून घेतो.

तुमचा,
शमुवेलचा बाप
शांतवन पाटोळे